छंद पुरुषाचा, हौस बाईची

मराठीत आवडीनिवडीसाठी शब्दांची वाण नाही. नाद, छंद, व्यासंग, हौस, विरंगुळा असे कितीतरी. परंतु त्यांची वाटणी कशी होते हे पाहिले की आपल्या समाजमनाचा एक कोपरा उजळतो. पुरुष रोज दोन तास पुस्तकात डोके घालून बसला तर तो त्याचा व्यासंग. स्त्री बसली तर ती तिची हौस, आणि घरात काम पडले असेल तर नसते वेड. छंद खरा की वरवरचा, ही परीक्षा बहुधा एकाच पक्षाला द्यावी लागते. तिला इतिहास आहे, आणि त्याची काही पाने आमच्या उल्हास खोऱ्यातच सापडतात.

उल्हासनगरला लागून असलेल्या कल्याणात आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांचे बालपण गेले. १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघण्यापूर्वी त्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून आपण का जात आहोत हे स्वमुखाने सांगितले. १८८६ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. तरीही त्यांचे नाव निघाले की 'गोपाळरावांच्या ध्यासाचे फळ' असे सहज बोलले जाते. पतीचा आग्रह होता हे खरेच. परंतु दार कोणी उघडले यावरून पुढची वाटचाल कोणाची हे ठरत नाही. आनंदीबाईंचे चरित्र १८८९ मध्ये लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) यांची गोष्ट आमच्या विषयाला अधिकच जवळची. शाळेत न गेलेल्या काशीबाई विवाहानंतर वाचू लागल्या. बाईने पुस्तक हाती धरणे हाच तेव्हा वडीलधाऱ्यांच्या लेखी अगोचरपणा होता. त्याच काशीबाई पुढे मराठीच्या आद्य कादंबरीलेखिकांत गणल्या गेल्या. ज्या आवडीला तेव्हा नाके मुरडली गेली, तीच आज वाङ्मयेतिहासाचा भाग आहे.

आता उल्हासनगरकडे येऊ. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी स्त्रियांचे भरतकाम पूर्वापार नावाजलेले. घरात बसून केलेले हे बारीक काम मात्र 'फावल्या वेळेचा उद्योग' म्हणूनच ओळखले गेले. पुढे याच शहरात जीन्स शिवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. तेथे यंत्रावर बसलेल्या पुरुषाला कोणी हौशी म्हटले नाही. तो कारागीर ठरला. सुई तीच, पण हात बदलला की नाव बदलते. आणि हाच पुरुष घरी निवांत बसून रुमालावर फुले भरू लागला, तर त्याला 'बायकी' म्हणून हिणवण्यास आपण कमी करीत नाही. ही मोजपट्टी त्यालाही मोकळे सोडत नाही.

सुई बाईची मानली गेली, तसा बुद्धिबळाचा पट पुरुषाचा. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी तो पुरुषाचाच राहू दिला नाही. १९७४ मध्ये राष्ट्रीय महिला स्पर्धा सुरू झाली आणि पहिले विजेतेपद वासंतींनी मिळवले. पुढील काही वर्षे हा मान या तिघींतच फिरत राहिला. १९७६ मध्ये अवघ्या तेरा वर्षांच्या रोहिणी राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत उतरल्या, तेव्हा आक्षेप निघाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. त्या स्पर्धेत रोहिणींनी तीन राज्यविजेत्यांना हरवले. १९८१ मध्ये त्या आशियाई महिला विजेत्या झाल्या. पटावर बसलेल्या मुलाला 'तुला खरेच खेळायचे आहे का?' असे कोणी विचारीत नाही. या मुलीला मात्र चाल खेळण्याआधी खेळण्याचा हक्क सिद्ध करावा लागला.

हे सारे मागे पडले असे कोणास वाटेल. परंतु जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील स्पर्धा आटोपल्यावर नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली की प्रेक्षक आपल्या खेळापेक्षा कपडे, केस आणि उच्चार यांवरच बोलतात. जुलै २०२५ मध्ये त्याच दिव्या महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाल्या. अठ्ठेचाळीस वर्षांत आक्षेपाची भाषा बदलली. पाहणाऱ्याची नजर फारशी बदलली नाही.

या संशयाचे मूळ कशात असावे? आमच्या मते ते वेळेच्या मालकीत आहे. पुरुषाचा फावला वेळ त्याचा स्वतःचा, असे आपण गृहीत धरतो. स्त्रीचा फावला वेळ घराचा. म्हणून तो ती कशात घालवते याचा हिशेब मागितला जातो. बदलापूरहून मुंबईला जाण्यास लोकलने दीड तासाच्या आसपास लागतो. त्या वेळात पुरुषांच्या डब्यात पत्त्यांचे डाव रंगतात, भजनी मंडळींचे टाळ वाजतात. यांना खरेच पत्ते आवडतात काय, असे कोणी विचारीत नाही. बायकांच्या डब्यात संध्याकाळी भाजी निवडणारी स्त्री मात्र कौतुकास पात्र होते, कारण ती प्रवासातही घराचेच काम करीत असते.

वाचकहो, अंबरनाथ-बदलापूरच्या वसाहतींत आज कित्येक मुली खेळतात, चित्रे काढतात, वाद्य शिकतात. दहावीचे वर्ष आले की 'आता पुरे झाली हौस' हे वाक्य भावापेक्षा बहिणीच्या वाट्याला लवकर येते. ते उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती. आवड खरी आहे की नाही, याची पारख ज्याची त्याला, जिची तिला कालांतराने होतेच. त्यासाठी लागणारा अवधी मुलाला आपण न मागता देतो. तो मुलीलाही मिळावा.