लहान खोलीतील खर्ज आणि घरी बांधलेली ध्वनिक्षेपकाची पेटी

पणजीच्या कला अकादमीत किंवा वडोदऱ्याच्या अकोटा भागातील सर सयाजी नगरगृहात तबल्याची साथ ऐकताना डग्ग्यावरची घसीट खालून वर चढत गेलेली स्पष्ट कळते. तेच ध्वनिमुद्रण घरी दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत लावले, की पुष्कळदा घसीट हरवते आणि प्रत्येक आघाताला एकसारखे ‘धुम्म’ तेवढे उरते. अशा वेळी दोष वूफरला दिला जातो आणि त्याहून मोठा वूफर विकत आणला जातो. वास्तविक दोष बहुधा पेटी आणि खोली यांच्या न जुळलेल्या मेळात असतो. स्वतः पेटी बांधणाऱ्याला हा मेळ थोड्या खर्चात साधता येतो.

खोलीचे स्वतःचे सूर

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनितरंग मागेपुढे परावर्तित होतात आणि ठरावीक कंप्रतांना स्थिर तरंग निर्माण होतात. यांतील सर्वांत खालची कंप्रता काढण्यासाठी ध्वनीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४५ मीटरला, भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे. बारा फुटांच्या (३.६६ मीटर) लांबीसाठी ती सुमारे ४७ हर्ट्झ येते, तर दहा फुटांसाठी सुमारे ५७ हर्ट्झ. छतही दहा फुटांवर असेल, तर रुंदी आणि उंची यांचे सूर एकाच ठिकाणी येऊन ५७ हर्ट्झचा नाद अवाजवी फुगतो. दुपटीवर, ९४ आणि ११३ हर्ट्झजवळ, हेच पुन्हा घडते. डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज साधारण याच पट्ट्यात वावरतात. मोठ्या सभागृहात असे सूर फार खाली आणि दाटीने असल्यामुळे एखादाच सूर वेगळा उठून दिसत नाही.

बंद पेटी की नळीची पेटी

वूफरचा पडदा पुढे जातो तेव्हा त्याच्या मागील बाजूस हवा विरळ होते. पेटी नसेल, तर पुढचा आणि मागचा ध्वनी एकमेकांना मारतात व खर्ज नाहीसा होतो. पेटीचे पहिले काम मागचा ध्वनी कोंडण्याचे. बंद पेटीतील हवा पडद्यामागे स्प्रिंगसारखे काम करते. या तत्त्वावर एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये ‘एआर-१’ हा आटोपशीर ध्वनिक्षेपक तयार केला.

दुसऱ्या प्रकारात पेटीला नळी बसवून मागच्या ध्वनीचा उपयोग करून घेतात. अल्बर्ट थुरास यांना या रचनेचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. गोमंतकीयांना हे तत्त्व घुमटाच्या रूपाने परिचित आहे. मातीच्या घटाचे एक तोंड चामड्याने मढवलेले असते, दुसरे उघडे असते आणि त्या उघड्या तोंडावर तळहात कमीअधिक झाकून वादक घुमारा बदलतो.

नळीची पेटी अधिक जोरकस वाटते, पण नळीच्या सुराखाली तिचा ध्वनी दर सप्तकाला सुमारे २४ डेसिबलने कोसळतो. बंद पेटीचा उतार निम्मा, १२ डेसिबलचा असतो. लहान खोली तिच्या सर्वांत खालच्या सुराखालील नादांना स्वतःच उचलून धरते, त्यामुळे बंद पेटीचा सौम्य उतार बराचसा भरून निघतो. स्लॅबच्या बंदिस्त खोलीत हा लाभ अधिक, तर कौलारू छपराच्या किंवा उघड्या खिडक्यांच्या खोलीत कमी मिळतो. म्हणून लहान खोलीसाठी बंद पेटी हीच पहिली निवड असावी.

आकारमान काढण्याची रीत

नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या संशोधनामुळे पेटीचे माप आता गणिताने काढता येते. चांगल्या वूफरच्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस ही तीन मूल्ये असतात. पेटीतील वूफरचा एकूण क्यू ०.७ च्या आसपास ठेवावा. तो १ च्या वर गेला, की नाद रेंगाळतो आणि घसीट पुसली जाते.

समजा, आठ इंची वूफरचा एफएस ३५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४ आणि व्हीएएस ६० लिटर आहे. ०.७ ला ०.४ ने भागून १.७५ येतात. त्याचा वर्ग ३.०६, त्यातून १ वजा केल्यास २.०६. साठाला याने भागल्यास सुमारे २९ लिटर ही पेटीची आतील जागा मिळते. पेटीचा सूर ३५ गुणिले १.७५, म्हणजे सुमारे ६१ हर्ट्झ. आतून २४ × ३० × ४४ सेंटीमीटरच्या पेटीत ३१.७ लिटर जागा असते. वूफर आणि आडपट्ट्या यांनी व्यापलेली जागा वजा जाता हिशेब जुळतो. तिन्ही मापे सारखी ठेवू नयेत, अन्यथा पेटीतही खोलीसारखेच सूर एकत्र येतात.

बांधणी

फळी १८ मिलिमीटरची घ्यावी. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात साधा एमडीएफ कडांनी फुगतो, म्हणून आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लायवूड अधिक टिकते. समोरासमोरच्या फळ्या आतून आडपट्टीने जोडाव्यात. सर्व सांधे आतून हवाबंद करावेत आणि वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी द्यावी. आत पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरावा. पडदा बोटांनी हलकेच आत दाबून सोडल्यावर सावकाश परतला, तर पेटी हवाबंद आहे असे समजावे.

मांडणी आणि परीक्षा

कोपऱ्यात ठेवलेली पेटी खोलीचे सर्व सूर एकदम जागे करते. योग्य जागा शोधण्यासाठी पेटी तात्पुरती आपल्या बसण्याच्या जागी ठेवावी, ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि भिंतींच्या कडेने वाकून फिरावे. खर्ज जिथे समतोल ऐकू येईल, तिथे पेटी हलवावी. आपण खोलीच्या नेमक्या मध्यावर किंवा भिंतीला टेकून बसू नये.

अखेरची परीक्षा विलंबित तीनतालाच्या ठेक्याने करावी. डग्ग्याची प्रत्येक घसीट वेगळी कळली आणि शेजारच्या घरातून तक्रार आली नाही, तर पेटी साधली.