दोन झुरके आणि हकिमाचा प्रश्न

रत्नागिरीत शिक्षकांशी बोलताना अलीकडे आम्हाला ई-सिगारेटविषयी, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘व्हेप’विषयी, विचारले जाते. मुलांचे म्हणणे असे, की यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे आणि सगळेच ओढून बघतात. याला उत्तर देण्याआधी आपण चारशे वर्षे मागे जाऊ.

तंबाखू मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर आली आणि आदिलशाहीत रुळली. दाभोळ बंदर त्या वेळी याच राज्यात होते. १६०४च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने भरपूर तंबाखू आणि रत्नजडित नळीचा एक सुंदर हुक्का बरोबर नेला. पुढची हकिकत त्यानेच लिहून ठेवली आहे.

बादशहाने कुतूहलाने हुक्का हाती घेताच हकीम आडवा आला. त्याचे म्हणणे साधे होते : या वस्तूविषयी आमच्या ग्रंथांत काही नाही, तिची परीक्षा झालेली नाही, मग ती घ्यावी कशी? असद बेगने युरोपीय वैद्यांचा हवाला दिला. शिवाय प्रत्येक रीत कधीतरी नवीच असते, असेही तो म्हणाला. अकबराने त्याचे मन राखायला दोन-तीन झुरके घेतले आणि थांबला. त्याने ही सवय लावून घेतली नाही. दरबारी मात्र थांबले नाहीत. काहींना तंबाखू भेट मिळाली, तशी बाकीच्यांनीही मागून घेतली. लवकरच व्यापारी ती विकू लागले. १६१७मध्ये जहांगीराने बंदी घातली, पण तोवर सवय पसरली होती.

हकिमाने मागितलेला पुरावा यायला साडेतीनशे वर्षे लागली. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे डॉल आणि हिल यांचे संशोधन १९५०मध्ये प्रसिद्ध झाले. असे रोग जडायला काही दशके जावी लागतात. ई-सिगारेटचे आजचे रूप तर २००३च्या सुमारास चीनमध्ये तयार झाले. तेव्हा ‘अजून कोणाला काही झाले नाही’ हा निर्धोकपणाचा पुरावा नव्हे.

जे कळले आहे, तेही पुरेसे आहे. ती ‘वाफ’ म्हणजे रसायनांच्या सूक्ष्म थेंबांचा फवारा असतो. त्यात बहुधा निकोटिन असते. ते काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि व्यसन लावते. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून कुमारवयात धोका अधिक. भारतात २०१९पासून ई-सिगारेटच्या उत्पादन, आयात व विक्रीवर बंदी आहे.

पण अकबराला नकार देणे सोपे होते. तो बादशहा होता. मांडवीच्या किनाऱ्यावर मित्रांत बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाचे काय? १९५०च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने रेषांच्या लांबीचे प्रयोग केले. सारा गट मुद्दाम चुकीचे उत्तर देई, तेव्हा अनेक जण डोळ्यांना दिसणारे बरोबर उत्तर सोडून गटाच्या मागे जात. गटातल्या एकानेही बरोबर उत्तर दिले, की हे प्रमाण खूपच घसरे.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. मग मुलांना दोघा-दोघांच्या जोड्यांत बसवावे आणि ‘नको, मी घेत नाही’ हे वाक्य मोठ्याने म्हणण्याचा सराव करून घ्यावा. एकाने नको म्हटले, तर दुसऱ्याने लगेच ‘मलाही नको’ म्हणावे, एवढे त्यांचे आधीच ठरलेले असावे.