जी आज्ञा चुकूच शकत नाही

रेमंड चेन हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते. एप्रिल २००५ मध्ये त्यांनी एक छोटे टिपण लिहिले. विंडोज एक्सपीच्या काळापासून संगणक कोसळला की, मालकाने होकार दिल्यास, त्या क्षणाचा अहवाल कंपनीकडे जात असे. प्रोसेसर कोणती आज्ञा पाळत होता आणि त्याच्या रजिस्टरांत कोणते आकडे होते, हे त्यात टिपलेले असे. चेन यांचे एक सहकारी असे अहवाल वाचत होते. त्यांतल्या काहींत संगणक कोसळल्याचे ठिकाण अशक्य वाटावे असे होते.

ती आज्ञा होती ‘एक्सऑर ईएएक्स, ईएएक्स’. रजिस्टरातली संख्या तिच्याशीच ताडायची आणि बाकी शून्य उरवायचे, एवढेच तिचे काम. ती मेमरीला हात लावत नाही, चुकीच्या पत्त्यावर जात नाही, कशाने भागतही नाही. प्रोग्राम कितीही ढिसाळ लिहिलेला असला तरी या ओळीवर तो मरायला कारणच नाही. म्हणून शोधाची दिशा प्रोग्रामकडून यंत्राकडे वळली. अहवाल पाठवणाऱ्यांकडे विचारणा झाली, तेव्हा प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवले जात असल्याचे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचे, निष्पन्न होऊ लागले. मला यातली सर्वांत महत्त्वाची नोंद वेगळीच वाटते. काही मालकांना याचा पत्ताच नव्हता. दुकानदाराने वेग वाढवूनच संगणक विकला होता.

हे अविश्वसनीय नाही. १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवा. त्याचा गुणक साडेचार होता. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० ने धावे आणि बहुतेक वेळा नीट धावेही. हौशी मंडळींनी तो डोक्यावर घेतला होता. स्वस्त चिप महाग म्हणून खपवण्याचा मोह कुणाला का होणार नाही?

चेन यांची साक्ष घटनेच्या जवळची आहे, पण ती सहकाऱ्याच्या कामाची हकीकत आहे. तिच्यावरून प्रमाण काढता येत नाही. दुसरा कागद प्रमाण देतो, पण तो आठवणीतून लिहिलेला आहे. ‘गिल्ड वॉर्स’ हा खेळ २००५ मध्ये बाजारात आला. एरिनानेट या कंपनीचे एक संस्थापक पॅट्रिक वायट यांनी त्याबद्दल २०१२ मध्ये लिहिले. तर्काला न पटणाऱ्या बगांच्या तक्रारी येत राहिल्या, तेव्हा त्यांचे सहकारी माइक ओब्रायन यांनी खेळातच एक तपासणी बसवली. मेमरीचा एक तुकडा घ्यायचा, त्यात गणिते करायची आणि उत्तरे आधीच ठाऊक असलेल्या उत्तरांशी पडताळायची. खेळ चालू असताना हे सेकंदाला ३० ते ५० वेळा होई. धडधाकट संगणक यात कधीच नापास होऊ नये. वायट सांगतात की सुमारे १ टक्का संगणक नापास झाले. कारणांत ओव्हरक्लॉकिंगबरोबर मेमरीची चुकीची जुळणी, अपुरा वीजपुरवठा आणि तापणेही होते. त्यामुळे तो पूर्ण टक्का ओव्हरक्लॉकिंगच्या खात्यावर मांडणे चूक ठरेल.

ही कारणे एकत्र का येतात, हे चिपच्या कामातून कळते. घड्याळाच्या दोन ठोक्यांमध्ये प्रत्येक सिग्नल आपल्या मुक्कामी पोचून स्थिर व्हायला हवा. वेग वाढवला की ही मुदत आखडते. व्होल्टेज कमी पडले किंवा उष्णता वाढली की सिग्नलच मंदावतो. उत्पादक मधे जी राखीव मोकळीक ठेवतो, ती अशी दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते. मग सर्वांत लांबच्या वाटेवरचा एखादा बिट उशिरा पोचतो, तोही नेहमी नाही. आज एक प्रोग्राम पडतो, उद्या दुसरा, आणि एकाच प्रोग्रामचे पडण्याचे ठिकाणही बदलते. निदान करणाऱ्याला खरी खूण मिळते ती या विखुरलेपणात. प्रोग्राममधला दोष बहुधा त्याच त्या जागी परत येतो.

तिसरा कागद सर्वांत भक्कम. एडमंड नायटिंगेल, जॉन डूसर आणि विन्स ऑर्गोव्हन या मायक्रोसॉफ्टच्याच तिघांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरीक्षणाचा काळ आठ महिन्यांचा. कारखान्याच्या वेगाने चालणाऱ्या यंत्रांत प्रोसेसरच्या बिघाडाने कोसळण्याची शक्यता एका उत्पादकाच्या चिपांसाठी ४०० त १ निघाली. ओव्हरक्लॉक केलेल्यांत ती २१ त १ झाली. दुसऱ्या उत्पादकाच्या बाबतीत ३९० त १ ची ८६ त १ झाली. उत्पादकांची नावे त्यांनी झाकली आहेत. वाचकाला ती हवीशी वाटतात, पण निष्कर्षाला त्याने बाध येत नाही. वेग मुद्दाम कमी ठेवलेले संगणक तर नेमून दिलेल्या वेगाच्या संगणकांपेक्षाही कमी कोसळले.

मेमरीबाबत त्यांची कसोटी विशेष कडक होती. विंडोजच्या गाभ्याचा कोड कसा असायला हवा हे ठाऊक असते. कोसळलेल्या यंत्रातला कोड त्याच्याशी ताडून एखादाच बिट उलटलेला दिसला, तर तो बिघाड धरायचा. हा कोड मेमरीचा लहानसा भाग व्यापतो, म्हणजे आलेला आकडा कमीत कमी इतका, असे समजायचे. एकदा असा बिघाड झालेले यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, हेही याच अभ्यासात दिसले. ‘एकदाच झाले, सोडून द्या’ हा सल्ला या आकड्यांपुढे टिकत नाही.

तिन्ही कागद एकमेकांना दुजोरा देतात, आणि तेही तीन वेगळ्या वाटांनी: एका अशक्य आज्ञेवरून, ठाऊक उत्तरांवरून आणि मोठ्या मोजणीवरून. तुमचा संगणक वारंवार आणि दरवेळी वेगळ्या ठिकाणी कोसळत असेल, तर आधी बायोसमध्ये जाऊन सगळे वेग आणि व्होल्टेज कारखान्याच्या मूळ नोंदीवर आणा. संगणक विकत घेतल्यापासून तुम्ही तिथे हात लावला नसला तरीही आणा. आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे तक्रार पाठवाल, तेव्हा हे करून पाहिल्यावर काय झाले, तेही तिच्यात लिहा.