पंप: एका मुलीचा प्रश्न

लहानपणी मला दमा होता. डॉक्टरांनी पंप दिला, तर आजी म्हणाली, "गोळी घे बाळा, पंपाची सवय लागते." मग मी पंप दप्तरात लपवायचो. आज त्याच पंपाची गोष्ट.

साल 1955, अमेरिका. रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या 13 वर्षांच्या मुलीलाही दमा होता. तेव्हा औषध काचेच्या उपकरणात भरायचं आणि रबरी फुगा दाबत ओढायचं. काच नाजूक, डोसही कमीजास्त. तिने विचारलं, केसांच्या स्प्रेसारखं हे डब्यात का नाही मिळत? 1956 मध्ये मोजून फवारा देणारा पहिला इन्हेलर बाजारात आला.

पण श्वासातूनच का? फवाऱ्यातले 1 ते 5 मायक्रॉनचे कण थेट आकसलेल्या श्वासनलिकांपर्यंत पोचतात. मोठे घशातच अडकतात. गोळी मात्र पोट, यकृत, रक्त असा फेरा मारून येते. म्हणून साल्ब्युटामोलची गोळी 4 मिलिग्रॅमची, आणि एक फवारा फक्त 100 मायक्रोग्रॅमचा. चाळिसावा हिस्सा! त्यातलं थोडं फुप्फुसातून रक्तात जातंच, पण हातांची थरथर गोळीपेक्षा कमी.

आजीला हा हिशेब सांगायचा राहूनच गेला. तुमच्या ओळखीत कुणी पंप लपवत असेल, तर त्याला हा भाग नक्की ऐकवा.