वेतनमर्यादा, बोली आणि बदली कर्णधार : ठाणे–कल्याण–डोंबिवली परिसरातील तीन क्रिकेटपटूंच्या संदर्भात

क्रीडेच्या इतिहासात धावा, बळी आणि विजय यांची नोंद पुष्कळ होते. खेळाडूच्या मोबदल्याची नोंद क्वचितच होते. झालीच तर ती कौतुकाच्या किंवा हळहळीच्या सुरात होते. वस्तुतः मोबदल्याची पद्धती ही राज्यकारभार किंवा जमीनमहसूल यांच्याइतकीच इतिहासाच्या अभ्यासास पात्र असलेली संस्था आहे. कोणास किती द्यावयाचे, ते कोणी ठरवावयाचे आणि ठरलेले किती काळ बदलता येणार नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे पाहिली म्हणजे खेळाडूच्या गुणांपेक्षा त्या काळाच्या व्यवस्थेविषयीच अधिक कळते. इंडियन प्रीमियर लीग या व्यावसायिक स्पर्धेचा २००८ पासूनचा काळ या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे, कारण तेथे प्रत्येक खेळाडूचा भाव सर्वांदेखत पुकारला जातो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या लोहमार्गाने बांधलेल्या पट्ट्यातून, तसेच २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरमधून आलेल्या तीन खेळाडूंचे भाव एकमेकांशेजारी ठेवले, तर त्या व्यवस्थेची घडण पुष्कळशी उलगडते.

वेतनावर वरून मर्यादा घालण्याची कल्पना नवी नव्हे. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंना १९०१ पासून आठवड्यास चार पौंडांहून अधिक देण्यास मनाई होती. ही कमाल मर्यादा वाढत वाढत वीस पौंडांवर गेली आणि खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावर जानेवारी १९६१ मध्ये ती उठली. अमेरिकेतील फुटबॉलने निराळा मार्ग धरला. तेथे १९३६ मध्ये होतकरू खेळाडूंची पाळीपाळीने निवड सुरू झाली, म्हणजे महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणास आपला संघ निवडण्याचा अधिकार उरला नाही. ज्या संघाची पाळी असेल त्याने त्यास उचलावे असा नियम झाला. पहिल्याच वर्षी पहिला निवडला गेलेला जे बेरवँगर त्या व्यावसायिक स्पर्धेत एकही सामना खेळला नाही, ही गोष्ट त्या पद्धतीच्या भविष्यवेत्तेपणावर पुरेसे भाष्य करते. १९९४ मध्ये तेथे संपूर्ण संघाच्या वेतनावर मर्यादा आली. तिचा एक परिणाम असा की, खेळाची सूत्रे हलविणारा मुख्य खेळाडू, ज्यास तेथे क्वार्टरबॅक म्हणतात, तयार होईपर्यंत त्याच्या जागी थोड्या पैशांत एखादा अनुभवी माणूस बसविण्याची रीत पडली. संघमालकांनी या साऱ्याचे समर्थन नेहमी स्पर्धेतील समतोलाच्या नावाने केले. वेतन आटोक्यात राहणे हा त्याचा दुसरा आणि मालकांस तितकाच प्रिय असा लाभ होता, हे ते सहसा बोलत नसत.

मुंबईच्या क्रिकेटला ही भाषा फार काळ परकी होती. येथे खेळाडूचे पोट खेळावर नव्हे तर नोकरीवर चाले. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये होते; कचेऱ्यांचे संघ टाइम्स शील्डसाठी झुंजत आणि चांगल्या फलंदाजास नोकरी मिळे. या पद्धतीत मिळकत माफक होती, पण दुखापत झाली किंवा वय उतरले तरी ती तुटत नसे. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघास बक्षीस द्यावयास नियामक मंडळाजवळ पुरेसा पैसा नव्हता. लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम करून प्रत्येक खेळाडूस एक लाख रुपये देण्यात आले. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत, २० फेब्रुवारी २००८ रोजी, मुंबईतच महेंद्रसिंह धोनी यांच्यावर पंधरा लाख डॉलरची बोली लागली.

त्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघास पन्नास लाख डॉलरची मर्यादा होती. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, सेहवाग आणि युवराज या पाच जणांना लिलावाबाहेर ठेवून त्यांच्या शहरांना बहाल करण्यात आले. एकोणीस वर्षांखालील मुलांसाठी मात्र बोली नव्हती. त्यांची अमेरिकन धर्तीची निवडफेरी मार्च २००८ मध्ये झाली आणि तीत दिल्लीने घरच्या विराट कोहली यांना सोडून प्रदीप सांगवान यांना घेतले. कोहली बंगळूरकडे गेले. भारताकडून न खेळलेल्या देशी खेळाडूंचे मोबदले पुढे काही वर्षे अनुभवाच्या पायऱ्यांवर ठरविलेले असत. ते लिलावात आले २०१४ मध्ये. ठरल्याबाहेर अधिक मागण्याचा प्रयत्न कोणी केला तर त्याचे काय होई, हे रवींद्र जडेजा यांना २०१० च्या हंगामात बंदीच्या रूपाने समजले. लिलावाला मुक्त बाजार म्हणण्याची चाल आहे. पण ज्या बाजारात विकणाऱ्याला गिऱ्हाईक निवडता येत नाही, त्यास हे विशेषण जपूनच लावावे लागेल.

अजिंक्य रहाणे यांचा जन्म १९८८ मध्ये संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे झाला आणि ते वाढले डोंबिवलीत. मॅटिंगच्या खेळपट्टीवर त्यांनी आरंभीचे धडे घेतले आणि मुंबईच्या मैदानांवर जाण्यासाठी लोकलच्या गर्दीतून क्रिकेटचे जड सामान वाहिले. १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचलेल्या त्या लोहमार्गाने या परिसरास कचेऱ्या आणि गिरण्या जोडून दिल्या, तशीच आझाद मैदानेही. ज्याचे घर दादरला आहे त्याचा आणि ज्याचे घर डोंबिवलीला आहे त्याचा सरावाचा दिवस सारखा नसतो, ही साधी गोष्ट मुंबई क्रिकेटच्या गौरवग्रंथांतून बहुधा सुटते.

रहाणे यांच्या भावाचा आलेख चमत्कारिक आहे. चेन्नई आणि राजस्थान हे संघ २०१५ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित झाले, तेव्हा त्यांच्या खेळाडूंसाठी १५ डिसेंबर २०१५ रोजी पुणे आणि राजकोट या दोन नव्या संघांमध्ये निवडफेरी झाली. पुण्याने पहिल्या पाळीस धोनी आणि दुसऱ्या पाळीस रहाणे यांना घेतले. पाळीनुसार रक्कम ठरलेली असल्याने रहाणे यांचा मोबदला साडेनऊ कोटी झाला. २०१८ च्या लिलावात राजस्थानने त्यांना चार कोटींना परत मिळविले, २०२२ मध्ये कोलकात्याने एक कोटीला घेतले आणि डिसेंबर २०२२ मध्ये कोचीच्या लिलावात चेन्नईने पन्नास लाखांना, म्हणजे त्यांच्या मूळ किमतीलाच. सात वर्षांत भाव एकोणीसपटींनी खाली आला.

याच कालखंडात रहाणे यांच्यावर पुनःपुन्हा एक निराळे काम सोपविले जात होते. त्यासाठी मराठीत, विशेषतः मुंबईच्या मराठीत, अचूक शब्द आहे : बदली. गिरणीत कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता उभा राहणारा तो बदली कामगार. साचा तोच, कापड तेच. फक्त जागा त्याची नव्हे. मार्च २०१७ मध्ये धरमशाला येथे कोहली यांचा खांदा दुखावला म्हणून रहाणे यांनी कसोटी संघाचे नेतृत्व केले. भारताने तो सामना आणि मालिका जिंकली. २०१८ मध्ये बंगळूर येथे अफगाणिस्तानविरुद्ध पुन्हा तेच घडले. त्याच वर्षी राजस्थानचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले ते चेंडूशी छेडछाड केल्याच्या प्रकरणात स्टीव्ह स्मिथ यांच्यावर बंदी आली म्हणून. स्मिथ परत आल्यावर एप्रिल २०१९ मध्ये, हंगामाच्या मध्यावर, कर्णधारपद काढून त्यांच्याकडे देण्यात आले. त्यानंतर दोनच दिवसांनी जयपूर येथे रहाणे यांनी दिल्लीविरुद्ध नाबाद १०५ धावा केल्या. सामना मात्र दिल्लीने जिंकला, आणि वर्षअखेरीस त्याच दिल्लीने मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया यांच्या बदल्यात रहाणे यांना मागून घेतले.

ऑस्ट्रेलियातील २०२०–२१ ची मालिका सर्वपरिचित आहे. तिचा तपशील येथे थोडक्यात पुरे. ॲडलेड येथे १९ डिसेंबर २०२० रोजी भारताचा डाव ३६ धावांत संपला, कोहली अपत्यजन्मासाठी मायदेशी परतले आणि रहाणे यांनी मेलबर्न येथे ११२ धावा करून आठ गड्यांनी विजय मिळविला. सिडनीचा सामना अनिर्णित राहिला. ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाचा संघ १९८८ नंतर हरला नव्हता. तेथे १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने ३२८ धावांचे लक्ष्य तीन गडी राखून गाठले. त्या सामन्यात पालघरचे शार्दूल ठाकूर यांनी सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा केल्या. वॉशिंग्टन सुंदर यांच्यासह त्यांची भागीदारी १२३ धावांची होती. ठाकूर यांना तेथे जागा मिळाली ती बुमराह यांच्यासह प्रमुख गोलंदाज जायबंदी झाल्यामुळे. त्यांच्या पूर्वीच्या एकमेव कसोटीत, २०१८ साली हैदराबादला, दहा चेंडू टाकून ते दुखापतीने मैदानाबाहेर गेले होते. म्हणजे एका बदली कर्णधाराच्या हाताखाली एक बदली गोलंदाज. २०२१ च्या कानपूर कसोटीसह रहाणे यांनी सहा कसोटींत नेतृत्व केले. चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या, एकही हरली नाही. तरीही जागा कायम झाली नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. कसोटी संघास वेतनमर्यादा नसते. तेव्हा तेथील बदली नेतृत्व आणि लीगमधील स्वस्त मोबदला यांचा कार्यकारणसंबंध कसा जोडावा? आक्षेप रास्त आहे, आणि दोहोंची सरसकट सांगड घालणे चूक ठरेल. राष्ट्रीय संघात बदली माणूस अपघाताने लागतो. लीगमध्ये तो हिशेबाने ठेवला जातो. मर्यादित थैलीतील मोठा भाग दोनतीन नावांवर खर्च झाला की उरलेल्या जागा मूळ किमतीच्या माणसांनी भराव्या लागतात. त्यामुळे अनुभवी पण मागणी नसलेला खेळाडू हा या व्यवस्थेचा अपवाद नसून तिची गरज आहे.

चेन्नईचा २०२३ चा हंगाम हा याचा उत्तम पुरावा होय. संघाची मर्यादा ९५ कोटी होती. बेन स्टोक्स यांच्यासाठी चेन्नईने १६ कोटी २५ लाख मोजले. ते दोन सामने खेळले. स्टोक्स आणि मोईन अली उपलब्ध नसल्याने ८ एप्रिल रोजी वानखेडे मैदानावर रहाणे यांना उतरविण्यात आले आणि त्यांनी २७ चेंडूंत ६१ धावा केल्या. त्याच महिन्यात कोलकात्यास २९ चेंडूंत नाबाद ७१. याच संघात कल्याणचे तुषार देशपांडे वीस लाखांवर होते. त्या वर्षी सामन्यामध्ये एक खेळाडू बदलण्याची मुभा देणारा नियम आला, आणि ३१ मार्च रोजी अंबाती रायुडू यांच्या जागी येऊन देशपांडे हे स्पर्धेतील असे पहिले बदली खेळाडू ठरले. त्या दिवशी त्यांच्या ३.२ षटकांत ५१ धावा गेल्या. हंगाम संपला तेव्हा त्यांच्या नावावर २१ बळी होते आणि चषक चेन्नईकडे होता. डोंबिवली आणि कल्याण यांचा मिळून खर्च सत्तर लाख, म्हणजे थैलीच्या शेकडा एक भागाहूनही कमी.

या आकड्यांवरून केवळ अन्यायाची तक्रार करणे सोपे आहे, पण ते अपुरे होईल. मूळ प्रश्न काळाचा आहे. कराराची रक्कम बोलीच्या दिवशी गोठते आणि संघाने खेळाडू राखला तर पुढील मोठ्या लिलावापर्यंत तशीच राहते. २१ बळी घेतल्यानंतरच्या हंगामातही देशपांडे वीस लाखांवरच खेळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये रणजी करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन त्यांनी १२३ धावा केल्या आणि तनुष कोटियन यांच्यासह अखेरच्या गड्यासाठी २३२ धावा जोडल्या. जुलैमध्ये ते भारताकडून खेळले. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात राजस्थानने त्यांच्यासाठी साडेसहा कोटी दिले, म्हणजे साडेबत्तीस पट. मधल्या फरकाचा लाभ संघास मिळाला. उलट बाजूने पाहिल्यास स्टोक्स यांच्या बाबतीत तोटाही संघानेच सोसला. तो सोसता आला तो मात्र वीस आणि पन्नास लाखांच्या माणसांमुळे.

जेद्दाच्या लिलावात मर्यादा १२० कोटी होती. रहाणे यांना पहिल्या फेरीत कोणी घेतले नाही. नंतर कोलकात्याने मूळ किमतीस, दीड कोटीला, घेतले. डिसेंबरमध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्यांनी सर्वाधिक ४६९ धावा केल्या, आणि मार्च २०२५ मध्ये कोलकात्याने त्यांना कर्णधार केले. उपकर्णधार वेंकटेश अय्यर यांचा भाव पावणेचोवीस कोटी होता. आदल्या वर्षी चषक जिंकून देणारे श्रेयस अय्यर पंजाबकडे गेले होते आणि जागा रिकामी होती. कोलकाता आठवे आले. संघातर्फे सर्वाधिक धावा, ३९०, कर्णधाराच्याच होत्या. वेंकटेश यांच्या १४२.

ठाकूर यांची गोष्ट याच्या उलट दिशेने सुरू होते. पालघरहून बोरिवलीला दिनेश लाड यांच्या शाळेत खेळावयास आलेल्या या मुलास २०२२ मध्ये दिल्लीने १० कोटी ७५ लाखांना घेतले. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईने चार कोटी दिले. जेद्दात त्यांची मूळ किंमत दोन कोटी होती आणि बोली लागलीच नाही. हंगाम सुरू होताना लखनौचे मोहसीन खान जायबंदी झाले, म्हणून त्यांच्या जागी ठाकूर यांना दोन कोटींवर बोलाविण्यात आले. २७ मार्च २०२५ रोजी हैदराबाद येथे त्यांनी ३४ धावांत चार बळी घेतले आणि सामन्याचा मानकरी म्हणून त्यांची निवड झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लखनौने त्यांना मुंबईच्या संघाकडे सोपविले. रक्कम दोन कोटीच होती.