समीक्षकाचा पूर्वग्रह आणि प्रेक्षकाची निवड : बॉस्ली क्राउदर यांचे उदाहरण

समीक्षक निःपक्षपाती असावा, ही अपेक्षा सर्वमान्य आहे. परंतु वृत्तपत्रीय चित्रपटसमीक्षा ज्याच्यासाठी लिहिली जाते, त्या प्रेक्षकाची गरज निराळी असते. तिकिटाचे पैसे मोजण्यापूर्वी चित्रपट आपल्या रुचीस उतरेल की नाही, एवढेच त्याला ताडावयाचे असते. या कामी समीक्षकाचा पूर्वग्रह नेहमीच अडसर ठरतो असे नाही. किंबहुना तो उपकारकही ठरू शकतो.

बॉस्ली क्राउदर हे १९४० ते १९६७ या काळात ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे चित्रपटसमीक्षक होते. चित्रपटाने सामाजिक वास्तव जबाबदारीने मांडावे व हिंसेला करमणुकीचे साधन करू नये, असा त्यांचा आग्रह असे. इटलीतील नववास्तववादी चित्रपटांचा त्यांनी पुरस्कार केला, तो याच भूमिकेतून. घट्ट बांधणीच्या कथानकाकडेही त्यांचा ओढा होता.

१९५८ साली सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ न्यू यॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. क्राउदर यांनी त्याची रचना सैल व गती मंद ठरविली. हॉलिवुडच्या संकलकांना ती कच्च्या जुळणीसारखी वाटेल, असाही शेरा मारला. तथापि दारिद्र्याच्या चित्रणातून हळूहळू प्रकट होणारे कारुण्यही त्यांनी नमूद केले. चित्रपट तेथील फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू प्लेहाऊसमध्ये सुमारे आठ महिने चालला. या यशाची कारणे अनेक असतील. परंतु ज्याला हॉलिवुडच्या साचेबंद कथानकांचा कंटाळा आला होता, त्याला त्या दोषदर्शनातच शिफारस वाचता येण्याजोगी होती.

ऑगस्ट १९६७ मध्ये आर्थर पेन यांच्या ‘बॉनी अँड क्लाइड’वर क्राउदर यांनी कडक टीका केली व पुढेही ती चालू ठेवली. ‘न्यूजवीक’च्या जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनी मात्र आपला प्रतिकूल अभिप्राय आठवड्याभरात जाहीरपणे बदलला. ऑक्टोबरमध्ये पॉलीन केल यांनी ‘द न्यू यॉर्कर’मध्ये चित्रपटाचे दीर्घ समर्थन केले. विनोद व हिंसा यांच्या ज्या मिश्रणाने क्राउदर उद्विग्न झाले, त्यातच केल यांना त्याचे सामर्थ्य दिसले. १९६८ च्या आरंभी क्राउदर यांच्या जागी रेनाटा अ‍ॅडलर आल्या.

या प्रकरणात क्राउदर कालबाह्य ठरले, असे सामान्यतः मानले जाते. चित्रपटाच्या मूल्यमापनाच्या दृष्टीने ते खरे असेलही. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र त्यांची उपयुक्तता संपली नव्हती. काटा नेहमी तेवढाच झुकता असेल, तर माल घेणारा वजनाचा हिशेब करू शकतो. तो रोज निराळा झुकू लागला, तरच तो फसतो. क्राउदर यांची नावड स्थिर होती, आणि ती कशाबद्दल आहे हे त्यांच्या लेखनावरून कळत होते. समोर केल यांची तितकीच ठाम आवड असल्याने वाचकाला या दोहोंमध्ये आपले स्थान निश्चित करता येत होते.

म्हणून पूर्वग्रहाची उपयुक्तता तीन गोष्टींवर अवलंबून असते : त्याचे सातत्य, निर्णयाबरोबर दिलेले प्रामाणिक वर्णन, आणि विरुद्ध रुचीच्या दुसऱ्या समीक्षकाची उपस्थिती. यांपैकी तिसरी गोष्ट नसेल, तर एका व्यक्तीची आवडनिवड सगळ्या शहराची निवड होऊन बसते. आणि जो चित्रपट त्यामुळे पडद्यावरच येत नाही, त्याच्याविषयी वाचकाला कोणताही हिशेब करता येत नाही.