गुणसूत्रे आणि पेशीविभाजन : शोधाचा इतिहास

सजीवांच्या पेशीतील केंद्रकात आनुवंशिक माहिती वाहणारे जे धागे असतात त्यांना गुणसूत्रे म्हणतात. हे धागे डीएनए आणि प्रथिने यांचे बनलेले असतात. पेशी दुभंगण्याच्या वेळी ते आखूड व जाड होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. एरवी ते केंद्रकात इतके पसरलेले असतात की सुटे ओळखता येत नाहीत. पेशी दुभंगताना या धाग्यांची वाटणी कशी होते आणि तिचा आनुवंशिकतेशी काय संबंध, हे उलगडायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जवळजवळ शंभर वर्षे लागली. या इतिहासात सिद्धांताइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, महत्त्व सामग्रीला आहे. कोणता प्राणी निवडला, कोणता रंग वापरला, पेशी फुगवली की दाबून पसरवली, यावर काय दिसणार हे ठरत गेले. काही वेळा तर डोळ्यांसमोरचे दृश्यही अपेक्षेशी जुळत नाही म्हणून बाजूला सारले गेले.

रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये आमरांच्या पेशींत आढळणाऱ्या गोल बिंबाला केंद्रक हे नाव दिले. श्लायडेन (१८३८) आणि श्वान (१८३९) या जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पती व प्राणी पेशींचे बनलेले असतात असे मांडले. पण नवी पेशी कोठून येते याविषयी त्यांची समजूत चुकीची होती : द्रावणात स्फटिक धरावा तशी ती पेशीद्रवात नव्याने घडते, असे त्यांना वाटे. रॉबर्ट रेमाक यांनी भ्रूणांच्या अभ्यासातून हे खोडून काढले आणि पेशी पेशीच्या विभाजनातूनच जन्मते असे दाखवले. रूडोल्फ फिरखो यांनी १८५५ मध्ये हेच तत्त्व अधिक गाजवले आणि श्रेयही बरेचसे त्यांनाच मिळाले. दरम्यान व्हिल्हेल्म होफमायस्टर यांनी १८४८ मध्ये ट्रॅडेस्कँशिया या वनस्पतीच्या परागमातृपेशी रेखाटल्या. त्या चित्रांत आज आपल्याला गुणसूत्रे स्पष्ट ओळखू येतात. चित्रकाराला मात्र ते केवळ गोळे वाटले.

गोळ्यांचे धागे व्हायला रंग आणि भिंगे हवी होती. पेशी जवळजवळ पारदर्शक असते. कोचिनील किड्यापासून मिळणारे कार्माइन, एका अमेरिकी झाडाच्या गाभ्यातून निघणारे हिमॅटॉक्सिलीन आणि कापडगिरण्यांसाठी तयार होऊ लागलेले ॲनिलीन रंग जीवशास्त्रज्ञांनी उचलले. केंद्रकातील एक द्रव्य हे रंग अधाशासारखे शोषून घेते, असे आढळले. येना येथे एर्न्स्ट आबे आणि कार्ल झाइस यांनी १८७८ मध्ये तेलात बुडवून वापरायची भिंगे बनवली आणि प्रतिमा एकदम धारदार झाली.

विभाजनातील धागे प्रथम पाहिले ते एकट्या कोणी नव्हे. आंटोन श्नायडर यांनी १८७३ मध्ये एका चपट्या कृमीत ते वर्णिले. एडुआर्ट श्ट्रासबुर्गर यांनी १८७५ मध्ये वनस्पतींत. पण या विषयाचा खरा पाया घातला तो कील विद्यापीठातील वाल्थर फ्लेमिंग (१८४३–१९०५) यांनी. त्यांनी सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याची पिले निवडली. या पिलांच्या पेशी आणि केंद्रके मोठी असतात, आणि शेपटीचा पडदा व कल्ले इतके पातळ असतात की जिवंत पेशींचे विभाजनही पाहता येते. फ्लेमिंग यांनी रंगवलेल्या मृत पेशींचे टप्पे क्रमाने लावले आणि तो क्रम जिवंत पेशींशी ताडून पाहिला. मृत पेशींच्या चित्रांवरून हालचालीचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. त्यामुळे ही पडताळणी त्यांच्या कामाचा सर्वात भक्कम भाग मानावा लागेल. रंग शोषणाऱ्या द्रव्याला त्यांनी क्रोमॅटिन म्हटले. १८८२ च्या ग्रंथात त्यांनी या सूत्री विभाजनाचे सविस्तर वर्णन केले. त्यातील कळीचे निरीक्षण असे की प्रत्येक धागा आडवा तुटत नाही. वेळू उभा चिरावा तसा तो लांबीने दुभागतो आणि एकेक भाग एकेका नव्या केंद्रकात जातो. गुणसूत्र या अर्थाचे ‘क्रोमोसोम’ हे नाव व्हिल्हेल्म वाल्डायर यांनी १८८८ मध्ये सुचवले.

फ्लेमिंग यांना मेंडेल यांचे १८६६ मधले वाटाण्यांवरील काम ठाऊक नव्हते. उभ्या चिरण्याचा अर्थ लावला तो व्हिल्हेल्म रू यांनी, १८८३ मध्ये, आणि तोही केवळ तर्काने. केंद्रकातील द्रव्य सगळीकडे सारखेच असते तर त्याचे दोन ढोबळ वाटे पुरले असते. निसर्ग एवढा खटाटोप करतो, त्याअर्थी धाग्याच्या लांबीवर वेगवेगळे गुण ओळीने मांडलेले असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी बेल्जियममधील एद्वार व्हान बेनेदेन यांनी घोड्याच्या आतड्यातील जंताची अंडी तपासली. या जंताची गुणसूत्रे मोजकी आणि ठसठशीत असतात. फलित अंड्यातील चार गुणसूत्रांपैकी दोन मातेकडून व दोन पित्याकडून आलेली त्यांना दिसली. मग पिढीगणिक संख्या दुप्पट का होत नाही? युग्मके तयार होताना संख्या निम्मी करणारे वेगळे विभाजन असलेच पाहिजे, असे भाकीत दृष्टी अधू झालेल्या आउगुस्ट वाइसमान यांनी १८८७ मध्ये केले. या अर्धगुणसूत्री विभाजनाचे टप्पे पुढे अनेकांनी मिळून उलगडले. ते काम किचकट होते आणि विसाव्या शतकातही बराच काळ चालले.

टेओडोर बोव्हेरी यांनी विचारलेला प्रश्न अधिक खोल होता : सगळी गुणसूत्रे सारखीच, की प्रत्येकाचे काम वेगळे? नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात त्यांनी सागरी अर्चिनच्या एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरतील अशी व्यवस्था केली. अशा अंड्यात गुणसूत्रांची वाटणी विस्कटते आणि बहुतेक भ्रूण बिघडतात. कोणत्या पेशीला किती गुणसूत्रे मिळाली यापेक्षा कोणती मिळाली यावर वाढ अवलंबून असते, हे त्यांनी १९०२ मध्ये दाखवले. ज्या काळात गुणसूत्रे हलवता येत नव्हती आणि धड मोजताही येत नव्हती, त्या काळातला हा प्रयोग आजही थक्क करतो. गुणसूत्रांतील बिघाडातून कर्करोग उद्भवत असावा, असेही त्यांनी १९१४ मध्ये लिहून ठेवले.

मेंडेल यांचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले होते. कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थी वॉल्टर सटन यांनी कॅन्ससमधल्या एका मोठ्या नाकतोड्याची गुणसूत्रे अभ्यासली. ती आकाराने वेगवेगळी असून जोडीजोडीने असतात आणि युग्मकात जोडीतील एकच जाते, हे पाहून १९०२-०३ मध्ये त्यांनी मेंडेल यांच्या घटकांची चाल आणि गुणसूत्रांची चाल एकच असल्याचे मांडले. पुढे ते शल्यचिकित्सक झाले आणि ३९ व्या वर्षी वारले. नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये पिठातील भुंग्यात लिंगनिश्चितीचा दुवा दाखवला : मादीत २० मोठी गुणसूत्रे, तर नरात १९ मोठी आणि एक लहान. थॉमस हंट मॉर्गन यांचा मात्र या साऱ्यावर विश्वास नव्हता. १९१० मध्ये त्यांच्या फळमाश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला, त्या गुणाची वाटचाल लिंगनिश्चितीशी जोडलेल्या एक्स गुणसूत्राबरोबर होताना दिसली आणि त्यांना आपले मत बदलावे लागले. त्यांचे विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टव्हंट यांनी १९१३ मध्ये सहा जनुकांचा पहिला नकाशा छापला. रू यांनी कल्पिलेली ओळ ती हीच.

गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तुर्कतंतू खरे, की पेशी मारताना निर्माण झालेला आभास, हा वाद नंतरही चालू राहिला. शिन्या इनोउए यांनी १९५३ मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशींत ते तंतू दाखवल्यावर तो मिटला. विभाजनाची वेळ कोण ठरवतो याचे उत्तर आणखी उशिरा, यीस्ट व सागरी अर्चिनच्या अभ्यासातून आले. टिम हंट यांना १९८२ मध्ये प्रत्येक विभाजनाबरोबर साठणारे आणि नाहीसे होणारे प्रथिन, सायक्लिन, सापडले; त्यांना लेलंड हार्टवेल व पॉल नर्स यांच्यासह २००१ चे नोबेल मिळाले.

माणसाची गुणसूत्रे मोजण्याची हकीकत वेगळी सांगावी लागते. टेक्सासचे थिओफिलस पेंटर यांना १९२१ मध्ये सर्वात स्पष्ट पेशींत ४६ गुणसूत्रे दिसत होती. तरी १९२३ मध्ये त्यांनी ४८ हा आकडा पक्का केला आणि पाठ्यपुस्तकांनी तो तीसहून अधिक वर्षे छापला. १९५२ मध्ये टी. सी. सू यांच्या प्रयोगशाळेत पेशी धुण्याचे द्रावण चुकून कमी खारट झाले. पेशी पाणी शोषून फुगल्या आणि गुणसूत्रे सुटी पसरली. इतके स्वच्छ दृश्य मिळूनही सू यांनी ४८ च मोजली! स्वीडनमधील लुंड येथे एका गटाने तर ४८ भरत नाहीत म्हणून काम थांबवले होते. त्याच गावी अल्बर्ट लेव्हान आणि जावात जन्मलेले जो-हिन त्यो यांनी कमी खारट द्रावणाला कॉल्चिसीनची जोड दिली. हे द्रव्य तुर्कतंतू बनू देत नाही, त्यामुळे पेशी विभाजनाच्या मध्यावस्थेत अडकून राहतात. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही ते असते. २२ डिसेंबर १९५५ रोजी त्यो यांना भ्रूणाच्या फुप्फुसपेशींत ४६ गुणसूत्रे दिसली. निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आकडा पक्का झाल्यामुळे बिघाड ओळखता येऊ लागले. मार्थ गोतिए यांनी पॅरिसमध्ये उभारलेल्या पेशीसंवर्धनाच्या आधारे झेरोम लेजन आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये डाउन लक्षणसमूहात २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असल्याचे जाहीर केले. माणसाच्या गुणसूत्रांना आकाराच्या उतरत्या क्रमाने क्रमांक दिले आहेत, पण २१ वे हे २२ व्याहून लहान निघाले; क्रमांक तसेच राहिले. १९६० मध्ये पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या रक्तकर्करोगात ठरावीक छोटे गुणसूत्र आढळले आणि बोव्हेरी यांच्या तर्काला पहिला ठोस आधार मिळाला.

गुणसूत्रांची संख्या जातीगणिक ठरलेली असली तरी तिचा शरीराच्या गुंतागुंतीशी संबंध नाही. महाविद्यालयात मुळांची टोके दाबून ज्याची गुणसूत्रे पाहतात त्या कांद्यात १६ असतात. ओफिओग्लॉसम रेटिक्युलेटम या लहानशा नेच्यात सुमारे १२६० आढळली. ही नोंद केरळमधील ए. अब्राहम आणि सी. ए. निनान यांनी १९५४ मध्ये केली. उलट भारतीय भेकराच्या मादीत ६ आणि नरात ७ च असतात, तर त्याच्या चिनी भाऊबंदात ४६. दोघांतील डीएनएचे एकूण प्रमाण फारसे वेगळे नाही. भारतीय भेकराच्या पूर्वजांत अनेक लहान गुणसूत्रे टोकाला टोक जुळून एकसंध झाली आहेत.